गृहनिर्मित विमानाच्या पत्र्याच्या दारावर क्वार्टर-टर्न फास्टनर बसवणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

येथे 'दार' म्हणजे विमानाच्या अंगावरचे तपासणीचे किंवा देखभालीचे दार : इंजिनातील तेल पाहण्यासाठी काउलिंगवर, म्हणजे इंजिनाच्या आवरणावर, असलेले दार, बॅटरीपर्यंत पोहोचण्याचे दार, नियंत्रण तारांच्या कप्प्यांवरची झाकणे. उत्तरे अॅल्युमिनियमच्या पत्र्याचे विमान स्वतः बांधणाऱ्यांसाठी लिहिली आहेत. आपल्या विमानाच्या आराखड्यात किंवा फास्टनर बनवणाऱ्याच्या तक्त्यात येथल्यापेक्षा वेगळे काही सांगितले असेल, तर आराखडा आणि तक्ता हेच प्रमाण मानावे.

क्वार्टर-टर्न फास्टनर म्हणजे नेमके काय, आणि तो साध्या स्क्रूपेक्षा वेगळा कसा?

पाव फेरा, म्हणजे ९० अंश फिरवला की बसणारा आणि उलट पाव फेऱ्यात सुटणारा हा जोड आहे. विल्यम डझस या युक्रेनमध्ये जन्मलेल्या अमेरिकी अभियंत्याने १९३० च्या दशकात तो विमानांसाठी प्रचारात आणला. त्यामुळे आजही कोणत्याही कंपनीच्या अशा फास्टनरला अनेक कारागीर सरसकट 'डझस' म्हणतात. कॅमलॉक, एअरलॉक, साउथको आणि स्कायबोल्ट ही नावेही या क्षेत्रात नेहमी ऐकू येतात.

मूळ डझसच्या स्टडच्या, म्हणजे दारात बसणाऱ्या आणि पेचकसाने फिरवायच्या खुंटीच्या, टोकाला तिरका, वळत जाणारा खाचा कापलेला असतो आणि चौकटीच्या आतल्या बाजूला स्प्रिंगची तार रिव्हेटने बसवलेली असते. स्टड फिरवला की तार त्या उतारावरून चढत जाते, ताणली जाते आणि शेवटी उतारापलीकडच्या खळग्यात उतरते. कॅमलॉकमध्ये स्टडला आडवी पिन असते आणि चौकटीवर बसवलेल्या रिसेप्टॅकलमध्ये, म्हणजे स्टड अडकवून धरणाऱ्या भागात, तिच्यासाठी चढ असतो. रचना वेगळी असली, तरी दोन्हींचे तत्त्व एकच आहे. स्क्रूमध्ये आट्यांच्या घर्षणावर जोड टिकतो. येथे तो सर्वोच्च बिंदू ओलांडून पलीकडे बसल्यामुळे टिकतो, आणि कंपनांनी उलटा फिरायचा झाला तर त्याला आधी स्प्रिंग पुन्हा दाबून तो चढ ओलांडावा लागतो. हा चढ ओलांडण्याचा बारीक धक्का बोटांना जाणवतो. पुढची अनेक उत्तरे या एका जाणिवेवर उभी आहेत.

प्रवाशांच्या मुख्य दाराला हे फास्टनर लावता येतील का?

मुख्य कुलूप म्हणून लावू नयेत. अपघातानंतर आत बसलेल्या माणसाला कोणत्याही अवजाराशिवाय, अंधारातसुद्धा, एका हाताने दार उघडता आले पाहिजे. पेचकसाने बाहेरून फिरवायचा फास्टनर ही गरज भागवू शकत नाही. मुख्य दाराच्या आतल्या अस्तरासाठी किंवा बिजागरीवरचे झाकण काढता येण्यासाठी ते जरूर वापरावेत.

हे दार त्वचेचा, म्हणजे विमानाच्या बाहेरच्या पत्र्याचा, भार वाहू शकते का?

असे गृहीत धरून काम करू नये. विमानाच्या अंगाचा पत्रा अनेक ठिकाणी स्वतः कातर भार वाहतो आणि त्यात भोक पाडले की तो भार भोकाच्या कडेने वळसा घेतो. म्हणून दाराच्या भोकाभोवती डबलर, म्हणजे जाड पत्र्याची चौकट, बसवून त्या भाराला मार्ग द्यावा लागतो, आणि ती चौकट दार नसतानाही पुरेशी असावी लागते. क्वार्टर-टर्न फास्टनरच्या भोकात थोडी मोकळीक असतेच. ही मोकळीक संपल्याखेरीज दार भार घेत नाही, आणि तोपर्यंत चौकटीचे कोपरे वाकून गेलेले असतात. आराखड्यात ज्या झाकणाला दाटीने स्क्रू दाखवले आहेत, ते झाकण बहुधा भार वाहणारे असते. तेथे स्क्रूच ठेवावेत. केवळ सोयीसाठी तेथे फास्टनर बदलण्याचा मोह अनेकांना होतो आणि तो आवरला पाहिजे.

किती फास्टनर लावावेत, आणि किती अंतरावर?

आधी भार किती ते पाहू. समुद्रसपाटीला १५० नॉट, म्हणजे ताशी सुमारे २७८ किलोमीटर वेगाने उडताना हवेचा गतिज दाब सुमारे ३,६५० पास्कल असतो. २५ बाय २० सेंटिमीटरच्या दाराच्या आत-बाहेर एवढाच दाबाचा फरक पडला, तर त्यावर सुमारे १८० न्यूटन, म्हणजे १८ किलोंहून थोडे अधिक वजनाएवढा रेटा बाहेरच्या दिशेने येतो. काउलिंगवर हे सहज घडते, कारण आत थंड करणाऱ्या हवेचा दाब असतो आणि बाहेरच्या वक्र पृष्ठभागावर ओढ असते. यातला निम्मा भार बिजागरीने घेतला, तर उरलेला भार तीन फास्टनरांत वाटून प्रत्येकी सुमारे ३० न्यूटन येतो. एवढा भार कोणताही धडधाकट फास्टनर सहज पेलतो.

म्हणजे अडचण फास्टनरच्या ताकदीची नाही. ती दोन फास्टनरांमधल्या पत्र्याच्या ताठपणाची आहे. ०.८ मिलिमीटरचा सपाट पत्रा दोन फास्टनरांच्या मध्ये फुगतो, कडेला फट पडते, फटीत हवा शिरते आणि कड फडफडू लागते. म्हणून ७५ ते १०० मिलिमीटर अंतर हे चांगले सुरुवातीचे माप आहे. दाराची कड आत वाकवून किंवा आतून टोपीच्या आकाराची पट्टी लावून ती ताठ केली, तर अंतर थोडे वाढवता येते. फास्टनरांची संख्या वाढवण्यापेक्षा कड ताठ करणे मला नेहमी अधिक शहाणपणाचे वाटते, कारण प्रत्येक फास्टनर म्हणजे त्वचेत आणखी तीन भोके, आणखी वजन आणि दर उड्डाणापूर्वी तपासायची आणखी एक जागा.

बिजागरी कोणत्या बाजूला असावी?

पुढच्या बाजूला. फास्टनर उडताना सुटले, तर पुढे बिजागरी असलेले दार वाऱ्यानेच दाबून धरले जाते किंवा थोडेसे उचलून तरंगत राहते. मागे बिजागरी असलेल्या दाराची पुढची कड उचलली, तर वारा त्याखाली शिरून दार उपटून नेतो, आणि ते शेपटीवर आदळू शकते. जागेच्या अडचणीमुळे बिजागरी पुढे बसवणे शक्य नसेल, तर बिजागरीऐवजी चारही बाजूंनी फास्टनर लावलेले पूर्ण सुटे झाकण करावे.

स्टडची लांबी कशी ठरवायची?

या कामातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि बिघडलेल्या बहुतेक दारांचे मूळ याच्या चुकीच्या उत्तरात असते.

स्टड लांब निवडला, तर तो फिरतो, पण स्प्रिंगवर ताण येत नाही. दार बंद दिसते, मात्र ते सैल असते. कंपनांनी भोके मोठी होत जातात आणि फास्टनरभोवती अॅल्युमिनियमची काळपट पूड दिसू लागते. स्टड आखूड निवडला, तर तो स्प्रिंगपर्यंत पोहोचत नाही, किंवा जोर लावून फिरवल्यावर स्प्रिंग कायमची वाकते, नाहीतर रिसेप्टॅकलच्या कानाला चीर जाते. मधली योग्य लांबी एका लहानशा पट्ट्यात असते. कॅमलॉकच्या प्रचलित मालिकांमध्ये एका लांबीपासून पुढच्या लांबीपर्यंतचे अंतर साधारण ०.०३ इंच, म्हणजे पाऊण मिलिमीटर असते. त्यामुळे अर्ध्या मिलिमीटरची चूकही एक क्रमांक चुकवू शकते.

डझसच्या तारेच्या स्प्रिंगसाठी हिशेब सोपा आहे : एकत्र दाबल्या जाणाऱ्या सर्व थरांची जाडी अधिक स्प्रिंगची उंची म्हणजे स्टडची लांबी. त्याच्या डोक्यावरच्या खुणेत अक्षराने डोक्याचा प्रकार, पहिल्या अंकाने दांड्याचा व्यास इंचाच्या सोळाव्या भागांत आणि नंतरच्या अंकाने लांबी इंचाच्या शंभराव्या भागांत सांगितलेली असते. उदाहरणार्थ, ५० म्हणजे अर्धा इंच. इतर मालिकांमध्ये एकूण जाडी मोजून तक्त्यातला क्रमांक पाहावा लागतो, आणि डोके पत्र्यात बुडणारे आहे की वर राहणारे यावर तो क्रमांक बदलतो.

'सर्व थर' या शब्दांकडे मात्र नीट लक्ष द्यावे. समजा, दाराचा पत्रा ०.८, दाराच्या आतली पट्टी ०.८ आणि चौकट ०.८ मिलिमीटर आहे. बेरीज २.४ झाली. आता प्रायमर आणि रंगाचे सर्व थर मिळून ०.३ आणि दाबलेल्या रबरी गॅस्केटचे १ मिलिमीटर मिळवले, की आकडा ३.७ वर जातो. मधला १.३ मिलिमीटरचा फरक जवळजवळ दोन क्रमांकांएवढा आहे. माझ्या पहिल्या बॅटरी दारावर मी हीच चूक केली होती. उघड्या धातूवर सगळे फास्टनर सुरेख बसत होते. रंग वाळल्यावर आणि गॅस्केट चिकटवल्यावर पाचांपैकी एकही चढ ओलांडेना, आणि मी जोर लावल्यामुळे दोन स्प्रिंगा वाकल्या. स्टड तेव्हा विकत घेऊन ठेवलेले नसते, तर त्या दिवशी फक्त मोजमाप बदलले असते.

म्हणून स्टड शेवटी मागवावेत. ग्रोमेट (दाराच्या भोकात बसणारी, स्टड धरून ठेवणारी कडी) आणि रिसेप्टॅकल आधी बसवावेत, रंग आणि गॅस्केटसह दार घट्ट दाबून व्हर्नियर कॅलिपरने प्रत्येक जागेची जाडी मोजावी आणि मगच क्रमांक ठरवावा. एकाच दारावर वेगवेगळ्या जागी वेगळा क्रमांक लागला, तर त्यात काहीही गैर नाही. बिजागरीजवळच्या कोपऱ्यात एक थर जास्त असतो, हे बऱ्याचदा उशिरा लक्षात येते.

योग्य बसला आहे हे हाताला कसे कळते?

टाकाऊ पत्र्याचे दोन तुकडे घेऊन त्यावर एक फास्टनर प्रत्यक्ष बसवावा आणि पत्र्याच्या जाडीत मुद्दाम बदल करून तो फिरवून पाहावा. योग्य जाडीला पेचकस सुरुवातीला सहज वळतो, मग अर्ध्या वाटेवर विरोध वाढत जातो, सर्वोच्च बिंदूवर क्षणभर अडतो आणि नंतर आपणहून पुढे सरकून 'टक्' असा आवाज करत थांबतो. त्या वेळी पत्र्यावर ठेवलेल्या दुसऱ्या हाताच्या अंगठ्याला दोन पत्रे एकमेकांकडे ओढले गेल्याचे स्पष्ट जाणवते. मधे कागदाची पट्टी ठेवून ती ओढून पाहिली, तर ती फाटते, पण सरकत नाही. टक् आवाज आला, पण ओढ जाणवली नाही, तर स्टड लांब आहे. ओढ जाणवली, पण टक् आवाज आला नाही, तर तो आखूड आहे. हा तुकडा बांधणी संपेपर्यंत फेकू नये. महिन्यांनी हात विसरतो, आणि तो तुकडा पुन्हा आठवण करून देतो.

भोके पाडण्याचा क्रम काय असावा?

बिजागरी आधी, फास्टनर नंतर. दार बिजागरीवर बसवून, चारही बाजूंची फट सारखी करून, क्लेकोंनी (भोकात घालून पत्रे तात्पुरते धरणाऱ्या स्प्रिंगच्या पिनांनी) किंवा पकडींनी जागच्या जागी घट्ट धरावे. मग दार आणि चौकट यांतून एकाच वेळी आरपार लहान पायलट भोक पाडावे. येथे क्रमांक ४० चे ड्रिल सोयीचे पडते, कारण तेच पुढे ३/३२ इंच रिव्हेटलाही लागते. प्रत्येक भोक पडताच त्यात क्लेको घालून पुढच्याकडे वळावे, म्हणजे पत्रा सरकत नाही.

त्यानंतर दार काढून दोन्ही भोके वेगवेगळ्या मापांपर्यंत वाढवावीत : दारातले ग्रोमेटच्या मापाचे, चौकटीतले रिसेप्टॅकलच्या तक्त्यात दिलेल्या मापाचे. पातळ पत्र्यात साधे मोठे ड्रिल घातले, तर भोक तीन कोनी होते आणि पत्रा पात्यावर चढतो. पायऱ्यांचे ड्रिल किंवा दाबून भोक पाडणारा पंच वापरावा, आणि मागे लाकडाचा ठोकळा घट्ट धरावा. शेवटच्या मापाच्या थोडे आधी थांबून रीमरने किंवा गोल कानशीने भोक पूर्ण करावे. भोकाची कड दोन्ही बाजूंनी साफ करावी आणि अंगठ्याने चाचपून पाहावी. कडेला राहिलेली बारीक धार पुढे चीर पडण्याची जागा ठरते.

रिसेप्टॅकल नेमक्या जागी कसा बसवायचा?

चौकटीच्या मोठ्या भोकात रिसेप्टॅकल नुसता डोळ्यांनी मध्यावर ठेवू नये. स्टड दारात बसवून, दार बंद करून, रिसेप्टॅकल स्टडवर अडकवावा आणि त्याच स्थितीत आतून त्याच्या कानांच्या भोकांमधून एक रिव्हेटचे भोक पाडावे. त्यात क्लेको घालावा, फास्टनर उघडून पुन्हा बंद करून पाहावा आणि मगच दुसरे भोक पाडावे. आत हात पोहोचत नसेल, तर टाकाऊ पत्र्याची लहान मार्गदर्शक पट्टी करावी : मधे पायलट भोक आणि दोन्ही बाजूंना रिसेप्टॅकलवरून उतरवलेली रिव्हेटची भोके. ती मधल्या क्लेकोने धरली की उरलेली भोके अचूक येतात. तरंगता, म्हणजे जागच्या जागी थोडा हलू शकणारा, रिसेप्टॅकल थोडी चूक सांभाळून घेतो, पण ती सवलत तापमानाने पत्रा लांबतो त्यासाठी दिलेली आहे. आपल्या ड्रिलच्या चुकीसाठी ती खर्चून टाकू नये.

रिसेप्टॅकलची दिशाही याच वेळी ठरवावी. स्टड बंद असताना त्याच्या डोक्यावरची खाच सर्व फास्टनरांवर एकाच दिशेत, शक्यतो हवेच्या प्रवाहाच्या रेषेत यावी. मग दारावरून एक नजर फिरवली तरी तिरका राहिलेला फास्टनर लगेच दिसतो.

रिव्हेट कोणते आणि किती लांबीचे?

साधारणपणे ३/३२ इंच व्यासाचे सपाट डोक्याचे घन रिव्हेट वापरतात. भोकाच्या केंद्रापासून पत्र्याच्या कडेपर्यंत रिव्हेटच्या व्यासाच्या किमान दुप्पट, आणि पत्र्यात बुडवलेल्या डोक्यासाठी अडीचपट अंतर ठेवावे. ३/३२ इंचासाठी हे अनुक्रमे सुमारे ५ आणि ६ मिलिमीटर होते. म्हणून चौकटीची पट्टी आखतानाच तिला २५ मिलिमीटर रुंदी द्यावी. नंतर ती वाढवता येत नाही. रिव्हेटची लांबी म्हणजे थरांची जाडी अधिक व्यासाच्या दीडपट. ठोकल्यावर तयार होणारे डोके व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्मे उंच व्हावे.

डिंपल करावे की काउंटरसिंक?

पत्र्याची जाडी याचे उत्तर देते. ३/३२ इंचाच्या रिव्हेटसाठी पत्रा ०.०३२ इंचापेक्षा पातळ असेल, तर काउंटरसिंक, म्हणजे डोके बुडवण्यासाठी पात्याने कापलेला खळगा, करू नये, कारण पात्याने कापल्यावर भोकाची कड सुरीसारखी धारदार उरते आणि भार आला की ती फाटते. तेथे डायने दाबून डिंपल, म्हणजे पत्रा न कापता पाडलेला खळगा, करावे. फास्टनरच्या डोक्यासाठी लागणारा खळगा रिव्हेटपेक्षा बराच मोठा असतो, म्हणून दाराच्या पातळ पत्र्यावर तो जवळजवळ नेहमीच डिंपल असतो. त्यासाठी त्या मालिकेची डायच वापरावी. डिंपल केल्यावर पत्रा थोडा पसरतो. आधी डिंपल, नंतर भोकाचे अंतिम माप, हा क्रम पाळला तर पत्र्याची कड चिरत नाही. विमानांच्या नळी-पत्र्याच्या सर्वसाधारण कामासाठी अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनाची १९९८ ची एसी ४३.१३-१बी ही मार्गदर्शिका जवळ ठेवण्यासारखी आहे.

स्टड दारात अडकून कसा राहतो, आणि तो बसवायला काय लागते?

दार उघडल्यावर स्टड खाली पडू नये म्हणून तो ग्रोमेटमध्ये अडकवलेला असतो. कॅमलॉकच्या स्टडवरची स्प्रिंग दाबून तो ग्रोमेटमधून सरकवण्यासाठी खास पक्कड मिळते. साध्या पकडीने स्प्रिंग दाबताना ती निसटून डोळ्याकडे उडते, म्हणून खास पक्कड असली तरी चष्मा घालावाच. डझसचा निमुळत्या मानेचा स्टड ग्रोमेटमध्ये दाबून बसतो. इंजिनाच्या कप्प्यात सुटा स्टड पडणे ही किरकोळ बाब नाही, म्हणून न अडकणारा स्टड तेथे वापरू नये.

गंज टाळण्यासाठी काय करावे?

पोलादी रिसेप्टॅकल आणि अॅल्युमिनियमची चौकट यांच्यामध्ये ओल साचली, तर अॅल्युमिनियम झिजते. रिसेप्टॅकल बसवण्यापूर्वी सर्व भोके आणि दोन्ही पृष्ठभाग प्रायमरने रंगवावेत. पाणी साचण्याच्या जागी ओल्या प्रायमरवरच रिव्हेट ठोकावेत. कॅडमियमचा मुलामा असलेले भाग कधीही घासू नयेत. त्याने संरक्षण जाते, आणि कॅडमियमची धूळ विषारी असते.

रोज काय पाहावे, आणि फास्टनर केव्हा बदलावा?

उड्डाणापूर्वी प्रत्येक खाच रेषेत आहे का ते पाहावे आणि दाराच्या प्रत्येक कडेवर तळवा ठेवून हलकेच दाबावे व उचलावे. कड सैल लागली, तर खाच सरळ असली तरी फास्टनर तपासावा. बंद स्थितीत खाचेच्या दोन्ही टोकांना दारावर रंगाच्या बारीक रेघा मारून ठेवल्या, तर पहाटेच्या मंद उजेडातही हे काम चुकत नाही.

फिरवताना खाचेत पूर्ण भरणारा रुंद पेचकस वापरावा. विजेवर चालणारा पेचकस वापरू नये, कारण तो चढ ओलांडल्यावर थांबत नाही आणि थांब्यावर आपटतो. वार्षिक तपासणीत प्रत्येक फास्टनर उघडून स्टडच्या पिनेची किंवा उताराची झीज, स्प्रिंगचा ताण, रिसेप्टॅकलच्या कानांतली चीर आणि रिव्हेटभोवतीची काळी पूड पाहावी. झिजलेल्या फास्टनरला लांबीचा वेगळा क्रमांक लावून ताण परत मिळवता येतो, असा सल्ला अनेकदा दिला जातो. तो पाळू नये. झिजलेला उतार नव्या लांबीनेही घसरतोच. स्टड आणि रिसेप्टॅकल दोन्ही बदलावेत.

एक फास्टनर बसत नाही, बाकीचे ठीक आहेत. आज उडावे का?

नाही. दाराचा भार उरलेल्यांना पेलेल, असा हिशेब वर केलेल्या आकड्यांवरून मांडता येईल, पण ज्या कोपऱ्यात फास्टनर नाही तेथली कड ताठ राहत नाही, आणि तेथूनच हवा शिरायला सुरुवात होते. शिवाय तो फास्टनर का बसत नाही, याचे कारण बहुतेक वेळा चौकटीत असते : वाकलेली पट्टी, सुटलेला रिव्हेट, किंवा गॅस्केट दुमडून वाढलेली जाडी. दार उघडावे, आतून विजेरी लावून चौकटीची ती कड पाहावी आणि कारण सापडेपर्यंत विमान जमिनीवर ठेवावे.